जुनी कॅराव्हॅन घेताना: सोलापूरच्या एका कुटुंबाचं प्रकरण

हैदराबादची कॅराव्हॅन, म्हणजे आत राहायची सोय केलेली गाडी, ११ लाख ५० हजारांना होती, पुण्याची १६ लाख ५० हजारांना. दोन्ही फोर्स ट्रॅव्हलरवर बांधलेल्या. दोन्हींत ओटा, पलंग, संडास आणि छतावर सोलर. फोटोत तर हैदराबादची उजवी दिसत होती. ६५ क्रमांकाच्या महामार्गावर एका बाजूला पुणे अडीचशे किलोमीटर, दुसऱ्या बाजूला हैदराबाद तीनशेच्या थोडं पुढं आणि मध्ये आपलं सोलापूर. त्यामुळे दोन्ही गाड्या जाऊन बघता आल्या. घेतली पुण्याची. जास्तीचे पैसे मोजून ती का घेतली, त्याचा हा तपशील.

खरेदीदार माझे शेजारी. जुळे सोलापुरात आमची घरं भिंतीला भिंत लागून. दादांचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा छोटा कारखाना, वहिनी शाळेत शिक्षिका, थोरला मुलगा कॉलेजात, धाकटी आठवीत, आणि दादांची आई, जिला अख्खी गल्ली आजी म्हणते. मी मोटार विम्याचे सर्व्हे करतो, म्हणजे गाडी ठोकल्यावर बघायला जाणारा माणूस. गाडी घेण्याआधी मला सहसा कोणी बोलवत नाही. दादांनी बोलावलं.

गरज नेमकी काय, हे वहिनींनी एका वाक्यात सांगितलं. “भाऊजी, हॉटेलच्या खोलीचा प्रश्न नाही, वाटेतल्या संडासाचा आहे.” आजींचे दोन्ही गुडघे गेलेत. तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर, गाणगापूर हे सगळं सकाळी निघून संध्याकाळी परत असं होतं, त्यामुळे जमून जातं. बदामी, हंपी, कोकण म्हटलं की आजी घरी आणि आजींसोबत कोणीतरी एक जण घरी. पेट्रोल पंपावरचा भारतीय बैठकीचा संडास त्यांना वापरता येत नाही आणि ढाब्यावरचा कोणालाच वापरावासा वाटत नाही. म्हणून ही खरेदी. हौस होतीच, पण ती मागाहून आली.

थोरल्याच्या डोक्यात मात्र वेगळीच गाडी होती. तो ब्रिटनमधले व्हिडिओ बघून बसलेला. तिकडं कॅराव्हॅन म्हणजे कारच्या मागं ओढत न्यायचा डबा, स्वतःचं इंजिन नसलेला. भरलेल्या डब्याचं वजन ओढणाऱ्या कारच्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत असावं, हुकावर किती भार यावा, असे त्यांचे ठोकताळे ठरलेले आहेत आणि तिथल्या रस्त्यांना, तळांना ते लागूही पडतात. आपल्याकडं ओढायची क्षमता किती, हे बऱ्याच कारच्या पुस्तिकेत लिहिलेलंच नसतं. ट्रेलरची नोंदणी वेगळी. आणि आषाढीच्या दिवसांत पंढरपुरात तो डबा मागं घ्यायची वेळ आली तर काय, हा प्रश्न मी विचारायच्या आतच दादांनी विचारला. खरा निकाल पुढच्या मुद्द्यानं लागला: चालत्या ट्रेलरमध्ये माणूस बसवता येत नाही, ब्रिटनमध्येसुद्धा नाही. आजी कारमध्ये आणि संडास मागच्या डब्यात, ही व्यवस्था आजींच्या कामाची नव्हती.

त्या व्हिडिओंतून एक गोष्ट मात्र घेण्यासारखी निघाली. तिकडं जुनी कॅराव्हॅन बघायला गेलेला माणूस आधी ओल बघतो. दोन टोकदार पिनांचं मीटर भिंतीला, कोपऱ्याला, खिडकीखाली टेकवायचं. आकडा १५ टक्क्यांच्या आत असेल तर ठीक, २० च्या वर गेला तर आत पाणी शिरतंय असं धरायचं. हे मीटर आपल्याकडं ऑनलाइन स्वस्तात मिळतं. थोरल्यानं मागवलं आणि पुढं त्यानंच ते चालवलं.

विकत घ्यायच्या आधी एक गाडी भाड्यानं घ्या, असं मी सुचवलं. दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी पुण्यातून एक कॅम्पर घेतली आणि ताम्हिणी घाटानं कोकणात जाऊन आले. या फेरीनं जे शिकवलं ते कोणत्याही माहितीपत्रकात नव्हतं. आजींना पहिली पायरी चढता आली नाही, दादांनी आणि थोरल्यानं दोन्ही बाजूंनी धरून चढवलं. आडव्या सोफ्यावर बसलेल्या धाकटीला घाटात उलट्या झाल्या, आणि त्या सोफ्याला बेल्टही नव्हता. टीव्ही कोणी लावला नाही. टाकीतलं पाणी एका सकाळीच संपलं, कारण वहिनींनी नेहमीसारखी भांडी घासली. यातूनच खरेदीची यादी तयार झाली: खालची पायरी नीट हवी किंवा बसवता यायला हवी, घरच्या सगळ्यांना पुढं तोंड करून बसायच्या, बेल्ट असलेल्या जागा हव्यात, संडासाचं दार असं हवं की आजींना आत धरून नेता येईल, आणि आत सरळ उभं राहता आलं पाहिजे. पलंग किती, याला यादीत शेवटची जागा मिळाली. विकणाऱ्यांच्या जाहिरातीत तीच पहिली असते.

एक टाटा विंगरही बघितली, सोलापुरातच. तिचा फ्लोअर खाली असतो, आजींना ती एकदम पसंत पडली. पण छत बुटकं, दादांना मान वाकवून उभं राहावं लागत होतं. ती तिथंच सुटली. दिल्लीकडच्या स्वस्त गाड्यांच्या जाहिरातीही थोरल्यानं दाखवल्या. तिकडं तेव्हा दहा वर्षांच्या वरच्या डिझेल गाडीला बंदी होती, म्हणून ती बाहेर स्वस्तात निघायची. पण दहा वर्षं झालेल्या गाडीत लाकूडकामाला पैसे ओतायचे आणि पंधराव्या वर्षी नोंदणीच्या नूतनीकरणासाठी तपासणीला उभं राहायचं, हा हिशेब दादांना पटला नाही.

हैदराबादला दादांचं काम निघालंच होतं, बेगम बाजारात त्यांची टॉवेलची गिऱ्हाइकं आहेत. मी आणि थोरला सोबत गेलो. निघायच्या आधी मी विकणाऱ्याकडं नंबर मागितला होता. त्यानं पाठवलेल्या प्रत्येक फोटोत नंबरप्लेट पुसट केलेली, आणि फोनवर “साब, गाडी देखो पहले, कागज तो कागज है” एवढंच. मला तिथंच खटकलं होतं.

गाडी आतून झगझगीत. छताला निळे दिवे, गुलाबी रेक्झिन, ओट्यावर काळा ग्रॅनाइट. हो, चालत्या गाडीत ग्रॅनाइट! दादा हरखले. थोरला मीटर घेऊन बेसिनखाली घुसला. पहिलाच आकडा २८. मी तिथला खालचा ड्रॉवर पूर्ण बाहेर काढला, मोबाइलचा दिवा मागच्या प्लायवर टाकला आणि अंगठ्यानं दाबून बघितलं. वरचा सनमायका जसाच्या तसा चकचकीत, पण मागून प्लायचे पापुद्रे खारीसारखे सुटत होते. साधा एमआर प्लाय, म्हणजे आयएस ३०३ या भारतीय मानकातला, थोडीच ओल सोसणारा, घरातल्या कपाटाचा. पाण्याजवळच्या भागाला आयएस ७१० चा बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळत्या पाण्यातही टिकणारा प्लाय लागतो. तो कापल्यावर कडा सील कराव्या लागतात, नाहीतर तोही फुगतो. छतावर एसीसाठी कापलेल्या चौकोनाच्या कोपऱ्यात आकडा ३१. म्हणजे पाणी वरून येत होतं आणि आत भिंतीभिंतीनं उतरत होतं. आपल्या कोरड्या सोलापुरात पावसाचे दिवस मोजके, मग ओलीची एवढी काळजी कशाला, असं दादा म्हणाले. पण गाडी कोकणात जाणार होती. आणि ओल्या प्लायमधले स्क्रू सैल झाले की अचानक ब्रेक लागल्यावर वरचं कपाट कोणाच्या तरी डोक्यावर येतं. अपघातानंतरच्या गाड्यांत सुटलेली कपाटं मी बघितली आहेत.

ओट्याखालच्या कपाटात घरगुती १४.२ किलोचा लाल सिलिंडर, आणि त्याला चिकटूनच इन्व्हर्टरच्या दोन बॅटऱ्या. हे बघून मी आधी गाडीची सगळी दारं उघडायला लावली. एलपीजी हवेपेक्षा जड. गळला तर खाली, फरशीवर साचतो. म्हणून सिलिंडरचा कप्पा आतल्या बाजूनं बंद आणि तळाला बाहेर उघडणारी भोकं असलेला लागतो. लेड ॲसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते आणि तिच्या जोडणीवर ठिणगी पडू शकते. हे दोन्ही एकाच बंद कपाटात. विकणारा म्हणाला, चार वर्षांत काही झालं नाही.

मग वजन. मी वजनकाट्याचा हट्ट धरला तेव्हा दादा हसले. सोलापूर जिल्ह्यात साखर कारखान्यांच्या काट्यावर ऊस घालणाऱ्या माणसाला काट्याबद्दल काय वाटतं, हे सांगायला नको. पण महामार्गावरच्या खाजगी काट्यावर आपल्याला खोटं सांगून कोणाचा फायदा नसतो. पाण्याची टाकी रिकामी, माणसं खाली, अशी गाडी ३,१८० किलो भरली. आरसीवर मोकळ्या गाडीचं वजन २,३५० आणि भरलेल्या गाडीची मर्यादा ३,५००. राहिले ३२० किलो. १२० लिटरची टाकी भरली की १२० किलो गेले. उरलेल्या २०० किलोंत घरची पाच माणसं आणि कारखान्यातला ड्रायव्हर, शिवाय कपडे, भांडी, अंथरुणं, शेंगाचटणीचा डबा. सहा माणसांचेच सव्वातीनशे होतात. गाडी घरातून निघतानाच शंभरावर किलो जास्तीची. पुढची चाकं वेगळी, मागची वेगळी असं वजनही केलं. टाकी, बॅटऱ्या, जनरेटर सगळं मागच्या ॲक्सलच्या पलीकडं टांगलेलं होतं, त्यामुळे मागचा भार पुढच्यापेक्षा फारच जड आला. अशा गाडीचे ब्रेक घाटात तापतात आणि मागचे टायर फुटतात.

एवढं झाल्यावरही दादांचं मन तिथंच होतं. “प्लाय बदलून घेऊ की, आपल्याकडं सुतार काय कमी आहेत?” हे खरं होतं. प्लाय बदलता येतो, सिलिंडर हलवता येतो, ग्रॅनाइट उखडता येतो. एक गोष्ट सुताराला बदलता येत नाही. काट्यावर असतानाच मी मूळ आरसी हातात घेतली होती, नंबर एमपरिवहनच्या ॲपमध्ये टाकून पडताळला. वाहन वर्ग: मॅक्सी कॅब. आसनक्षमता १३. फिटनेसची मुदत संपलेली.

म्हणजे सरकारदरबारी ही कॅराव्हॅन नव्हतीच. तेरा सीटची टॅक्सी होती, जिच्यातल्या सीटा काढून कोणीतरी वर्कशॉपात घर बांधलं होतं. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम म्हणतं, नोंदणीतला तपशील बनवणाऱ्या कंपनीनं मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षी कायद्यात आलेल्या १८२-ए कलमानुसार असा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागं ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. रीतसर कॅराव्हॅनचा रस्ता वेगळा आहे. तिच्यासाठी एआयएस १२४ नावाचं मानक आहे. त्याप्रमाणे बांधलेल्या नमुन्याला पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेची मंजुरी लागते, बांधणारा तसा दाखला देतो, आणि मग नोंदणी कॅराव्हॅन म्हणून होते. खाजगी वापराची कॅम्पर व्हॅन केंद्र सरकारच्या यादीत बिगर-परिवहन गटात येते, म्हणजे टॅक्सीसारखं परमिट नाही की वरचेवर फिटनेस नाही. विकणारा म्हणाला, “प्रायव्हेट में कन्वर्ट हो जाता, एजंट है अपना.” एजंट कागदावरचा वर्ग बदलून देईलही. पण आत बांधलेल्या घराला मंजुरीचा दाखला तो कुठून आणणार?

दादांचा स्वभाव असा की दंडाला ते घाबरले नाहीत. “कोण थांबवणार आहे बे आपल्याला, कुटुंब घेऊन देवदर्शनाला चाललेल्या गाडीला?” ते मित्राशी फोनवर बोलत होते. मित्राचं उत्तर मला ऐकू आलं नाही, पण दादा थांबले ते मी माझ्या धंद्यातली गोष्ट सांगितल्यावर. पोलीस थांबवोत न थांबवोत, अपघात झाल्यावर माझ्यासारखाच एक सर्व्हेअर येतो. तो पहिल्यांदा आरसी आणि गाडी एकमेकांशी जुळतात का ते बघतो. न सांगता केलेला बदल दिसला की स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडतो. समोरच्या माणसाला दुखापत झाली तर कंपनी त्याला भरपाई देऊन तीच रक्कम नंतर मालकाकडून वसूल करायला बघते. ती रक्कम गाडीच्या किमतीत मावत नाही, कारखान्यापर्यंत जाते. दादांनी गाडीची किल्ली परत दिली.

परतीच्या वाटेवर उमरग्याच्या पुढं चहाला थांबलो तेव्हा थोरल्यानं उरलेला हिशेब मांडला. तेलंगणाच्या आरटीओचं ना हरकत, इथं पुन्हा रस्ता कर, तिकडच्या कराच्या परताव्यासाठी अर्ज, शिवाय सगळा प्लाय, गॅस, वजन कमी करायचं काम. गाडी नियमात बसती, तरी त्या स्वस्ताईतलं फारसं काही उरलं नसतं.

पुण्याची गाडी दिसायला साधी. तपकिरी पडदे, फिकट लॅमिनेट, एका बाजूला मुलांनी पेन्सिलनं काढलेला हत्ती. फोनवर मागितल्याबरोबर मालकानं नंबर दिला आणि आरसीच्या दोन्ही बाजू पाठवल्या. वर्ग कॅम्पर व्हॅन, खाजगी वापर. आसनं सहा, पहिलाच मालक, बँकेचा बोजा होता पण कर्ज फिटलेलं. बॉडी बांधणाऱ्याचा दाखला, म्हणजे फॉर्म २२-ए, आणि मंजुरीची प्रत त्यांनी एका प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये ठेवली होती. ती फाइल बघून मी दादांना कोपरानं ढोसलं.

इंजिन, गिअर, क्लच यांत फार वेळ घालवला नाही. ट्रॅव्हलरचं इंजिन महाराष्ट्रातला कोणताही बरा मेकॅनिक डोळे झाकून खोलतो आणि सुटे भाग तालुक्याला मिळतात. आदल्या रात्रीपासून बंद असलेली गाडी आमच्यासमोर सुरू करायला लावली, धूर बघितला, तेलाचं झाकण उघडून दाब बघितला, चढावर दुसऱ्या गिअरमध्ये ओढून बघितली. पुरेसं होतं.

ओलीचे आकडे जवळजवळ सगळीकडं १२ ते १४. छतावरच्या हवेच्या झरोक्याभोवती मात्र १९. सीलंट जुना होऊन तडकला होता, पण आतला प्लाय अंगठ्याला घट्ट लागत होता. टायरची नक्षी नव्यासारखी, आणि विकणाऱ्यानं तीच कौतुकानं दाखवली. मी टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचले: ३११७. म्हणजे २०१७ सालच्या एकतिसाव्या आठवड्यातला टायर. कॅराव्हॅन चालते कमी, उभी जास्त. नक्षी झिजत नाही, रबर मात्र उन्हात कडक होत जातं. सहाही टायर बदलायचे, हे तिथंच ठरलं. गॅसची नळी मुदत उलटलेली. नळीवर तारीख छापलेली असते, कोणी वाचत नाही. सिलिंडर मात्र ५ किलोचा, बाहेरून उघडणाऱ्या स्वतंत्र कप्प्यात, तळाला जाळी.

खरी गडबड निघाली ती वायर लावल्यावर. अशा गाडीला बाहेरून वीज घ्यायला एक पिन असते. मालकाच्या पार्किंगमधल्या १५ अँपिअरच्या सॉकेटला ती जोडली आणि मी टेस्टर दाराच्या कडीला लावला. टेस्टर पेटला. आजी ज्या कडीला धरून चढणार, त्याच कडीला करंट. मालक गांगरले, त्यांना कल्पनाच नव्हती. सॉकेटचं अर्थिंग मेलेलं होतं, आणि गाडीत गळतीचा करंट ओळखून वीज तोडणारा आरसीसीबी बसवलेलाच नव्हता, नुसती एमसीबी. मठात, भक्तनिवासात, ढाब्यावर जिथं जिथं ही पिन जोडणार, तिथलं अर्थिंग असंच असणार असं धरून चालावं. हे काम महाग नाही. पण ते न करता गाडी ताब्यात घ्यायची नाही, हे मी दादांना निक्षून सांगितलं.

दुपारी एकला एप्रिलच्या उन्हात गाडी मुद्दाम उभी केली. सोलापूरचा पारा एप्रिल-मेमध्ये चाळिशी सहज ओलांडतो, त्यामुळे सकाळी आठला थंड वाटणाऱ्या गाडीला आमच्या लेखी किंमत नव्हती. जनरेटरवर एसी चालला, आतलं तापमान उतरलं. मग थोरल्यानं विचारलं, बॅटरीवर एसी किती वेळ? १२ व्होल्टच्या १५० अँपिअर-तासाच्या दोन बॅटऱ्या म्हणजे ३,६०० वॅट-तास. लेड ॲसिड बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवली की तिचं आयुष्य घटतं, म्हणून हाताशी १,८००. एक टनाचा एसी तासाला हजार-बाराशे खाणार. दीड तासात खेळ खलास. रात्रभर एसीत झोपायचं असेल तर बाहेरची वीज किंवा जनरेटर हवा, आणि जनरेटरच्या आवाजात शेजारची माणसं झोपू देणार नाहीत. पंखे, दिवे, मोबाइल, छोटा फ्रिज यांना मात्र बॅटरी आणि छतावरचं सोलर पुरतं. हे आधी कळलं म्हणून दादांनी मेमधली हंपी डिसेंबरवर ढकलली.

काट्यावर टाकी भरून, सहा माणसं बसवून गाडी मर्यादेच्या आत ३०० किलो राहिली. लांबी जास्त असल्यामुळे संडासाला जागा मोकळी, दार रुंद. आजी सोबत आल्या होत्या. त्यांनी संडासात जाऊन, बसून, उठून बघितलं, आणि बाहेर येऊन भिंतीला आणखी एक दांडी लावायला सांगितली. पायरीबद्दल त्यांचा नकार होताच, त्यासाठी घडीचं लोखंडी पायदान करून घ्यायचं ठरलं.

किमतीची बोलाचाली दादांनीच केली, त्यात त्यांचा हात कोणी धरू शकत नाही. टायर, आरसीसीबी आणि वायरिंग, झरोक्याचं सील, एक थकलेली बॅटरी, गॅसची नळी, या सगळ्याची दुरुस्तीची रक्कम त्यांनी पुण्यातल्याच दुकानांतून फोनवर विचारून कागदावर लिहिली आणि तो कागद मालकांपुढं सरकवला. “मामा, हे मी मागत नाही, गाडी मागतीये.” १४ लाख ७५ हजारांवर दोघांचे हात मिळाले. मालकांच्या बायकोनं वर दोन घडीच्या खुर्च्या आणि छतरी दिली.

व्यवहाराचा क्रम मी आखून दिला होता. टोकन देऊन साधा करार. मग बँकेचं कर्ज फिटल्याचं पत्र आणि फॉर्म ३५, त्याशिवाय बोजा उतरत नाही. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्यावरच उरलेली रक्कम आरटीजीएसनं. ताबा पावतीवर तारखेसोबत वेळही लिहिली, कारण त्या मिनिटानंतरचं चलान दादांचं आणि आधीचं त्यांचं. थकलेली ई-चलानं आधीच ऑनलाइन बघून मालकांना भरायला लावली. मालक जरा घाईत होते आणि त्यांची घाई रास्त होती: सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट केलंय की आरटीओच्या दप्तरी ज्याचं नाव, तोच अपघाताच्या जबाबदारीला मालक. गाडी विकली म्हणून सुटका होत नाही. लायसन्सची वेगळी खटपट नव्हती, साडेसात टनांच्या आतली गाडी असल्यामुळे दादांचं हलक्या वाहनाचं लायसन्स चालतं.

विम्यात माझी दोन कामं होती. जुनी पॉलिसी १४ दिवसांच्या आत दादांच्या नावावर करून घ्यायचा अर्ज. मालकांचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दलची हप्त्यातली सूट, त्यांच्यासोबतच जातो, गाडीसोबत येत नाही, त्यामुळे हप्त्यातला फरक दादांनी भरला. दुसरं, आतल्या वस्तूंची वेगळी यादी. फ्रिज, इन्व्हर्टर, सोलर, एसी यांची किंमत पॉलिसीत स्वतंत्र लिहून त्याचा जास्तीचा हप्ता भरला नाही, तर दाव्याच्या वेळी त्यांना कोणी विचारत नाही. दादांना मी हेही आधीच सांगून ठेवलं की साध्या पॉलिसीत प्लॅस्टिक, रबर आणि बॅटरीच्या भागांची निम्मी किंमत कापली जाते, फायबरची ३० टक्के, आणि लाकडाची गाडीच्या वयाप्रमाणे. कॅराव्हॅनमध्ये याच गोष्टी जास्त. झीरो डेप, म्हणजे ही कपात न होणारा विमा, घ्यायचा विचार होता, पण गाडीच्या वयामुळे कंपनीनं दिलं नाही.

गाडी आता दादांच्या कारखान्याच्या आवारात उभी असते. घराच्या फाटकातून ती आत जाते, पण पोर्चच्या स्लॅबखाली छतावरचा एसी अडतो. संडासाची कॅसेट, म्हणजे खालची मैल्याची टाकी, सुटी निघते, साधारण वीस लिटरची, चाकांवर ओढत नेता येते. ती कुठं रिकामी करायची, यावर घरात बराच खल झाला, कारण आपल्याकडं त्यासाठी कुठं सोय केलेली नाही. शेवटी रीत अशी ठरली: मुक्कामाच्या ठिकाणी विचारून तिथल्याच संडासात, नाहीतर घरी आणून. सेप्टिक टँक असेल तिथं फॉर्मलिनचं रसायन ओतायचं नाही, टाकीतले जिवाणू मरतात आणि टाकी तुंबते. हे काम थोरल्याकडं आलंय आणि त्याची कुरकुर चालू आहे.

पुण्याच्या मालकांनी त्यांचा फास्टॅग बंद करायला थोडे दिवस लावले, तोवर नवा निघेना. निघाला तेव्हा बँकेनं गाडी मिनीबसच्या गटात टाकलेली, म्हणजे टोल कारपेक्षा जास्त. दादांनी बँकेत जाऊन हुज्जत घातली. अजून चालू आहे.